पिकअप घेताय? कंपनीचं नाव नंतर, आधी गाडी वर्षाला किती दिवस उभी राहते ते मोजा

दसऱ्याच्या आदल्या रात्री माझा मामेभाऊ वाईकडून झेंडू भरून पुण्याच्या मार्केट यार्डला निघाला होता. खेड शिवापूर सोडलं, शिंदेवाडीच्या पुढे कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ लागला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीचा दम गेला, वीसच्या वर काटा जाईना, आणि थोड्या वेळाने ती चढालाच बसली. रात्री अडीच वाजता दुसरी गाडी मिळाली, रस्त्याच्या कडेला मोबाईलच्या उजेडात क्रेट इकडचे तिकडे केले, यार्डात पोचायला सकाळचे आठ वाजले आणि तोपर्यंत चांगला भाव घेऊन लोक घरी गेले होते. बिघाड काय होता, तर एक सेन्सर. तो सेन्सर यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस गाडी वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून उभी.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीये. गाडी घेताना त्याने किंमत, हप्ता, ॲव्हरेज, हौद्याची लांबी सगळं विचारलेलं, फक्त "बिघडली तर परत रस्त्यावर यायला किती दिवस" हे विचारायचं राहिलं. भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे, अशी गाडी नसतेच. कमी वेळा उभी राहते आणि उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी चालू होते, ती भरवशाची. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका हिशोबाने लिहिलंय.

१. आधी स्वतःचं काम वहीत उतरवा

शोरूमला जायच्या आधी किमान पंधरा दिवसांच्या खेपा लिहून काढा. कुठून कुठे, किती किलो, किती किलोमीटर, घाट आहे का, ट्रॅफिकमधे किती वेळ जातो, परतताना रिकामी येते की भरून. कंटाळवाणं काम आहे पण याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे. भोसरी एमआयडीसीतून चाकणला दिवसातून तीनदा सुटे भाग टाकणारी गाडी आणि नारायणगावहून रात्री टोमॅटो घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डला येणारी गाडी, दोघींचं वजन सारखं असलं तरी दोघी वेगवेगळ्या कारणाने मरतात. पहिलीचा क्लच, स्टार्टर आणि सायलेन्सरमधली जाळी त्रास देते, दुसरीचे टायर, बेअरिंग आणि पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. त्यामुळे "कुठली कंपनी चांगली" या प्रश्नाला दोघांचं उत्तर वेगळं येणार.

वजनाचं खरं बोला. वही खोटी लिहिली तर फसवणूक आपलीच होते. दीड टनाच्या गाडीत रोज अडीच टन टाकायचे आणि मग पाटा तुटला, मागच्या ॲक्सलमधला क्राऊन गेला म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या, हे मी भोसरीत रोज बघतो. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची ताकद, पण त्यात ड्रायव्हर, हेल्पर, ताडपत्री, वरून बसवलेला लोखंडी सांगाडा हे सगळं मोजलं जातं. सांगाडा बसवून झाला की रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घालून बघा, शंभर-दीडशे किलो कुठे गेले ते कळेल. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार दंड आहे आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार, शिवाय वॉरंटीच्या वेळी वर्कशॉपवाला पहिला पाटेच बघतो. अजून एक, एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर माल वाहतुकीचं परमिट लागत नाही, त्याच्या वर गेलं की लागतं, तेव्हा काठावरचं मॉडेल घेताना तो खर्च धरा.

२. बाजारात कोण कोण आहे

महिंद्राची बोलेरो पिकअप ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची गाडी, गावातल्या फिटरलाही पाठ असते, आणि दोन ते साडेतीन टन एकूण वजनाच्या गटात महिंद्राच पुढे आहे. त्यातच २०२२ पासून बोलेरो मॅक्स पिकअप आली, सिटी आणि एचडी अशा दोन प्रकारात, एचडीमधे दोन टनापर्यंत माल आणि सुमारे दहा फुटी हौदा मिळतो. बाजारात सगळे नुसतं "बोलेरो" म्हणतात पण या दोन वेगळ्या गाड्या आहेत, पार्ट आणि अनुभव विचारताना नक्की कुठली ते सांगा.

टाटाचं तर पुणेकरांना घरचंच वाटतं. छोटा हत्ती म्हणजे एस २००५ साली आली, इंट्रा २०१९ मधे, आणि योद्धा २०१७ मधे. इंट्रामधे व्ही१०, व्ही३०, व्ही५० अशी चढती भाजणी आहे आणि व्ही२० सीएनजी-पेट्रोल दोन्हीवर चालते. योद्धाला २.२ लिटरचं मोठं इंजिन आहे. इंजिन लहान-मोठं असण्याचा थेट संबंध घाटाशी आहे, कारण लहान इंजिन रोज भरलेल्या मालासकट पूर्ण दमावर पळवलं तर ते लवकर थकणारच.

अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून आहे आणि बडा दोस्त २०२० पासून. दोन्हींना दीड लिटरचं तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन आहे. तीन सिलेंडर ऐकून लोक नाक मुरडतात, मला तसं वाटत नाही, ओझं आणि रस्ता जुळला तर ते पुरतं, फक्त थरथर जास्त जाणवते. इसुझूची डी-मॅक्स वेगळ्या बांधणीची, पुढे पाट्यांऐवजी डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. चालवायला कारसारखी वाटते, पण तिची वर्कशॉप बाकीच्यांपेक्षा कमी ठिकाणी आहेत, म्हणून तुमच्या रूटवर कुठे आहे ते नकाशात बघूनच पुढे जा. मारुतीची सुपर कॅरी पेट्रोल आणि सीएनजीमधे येते, हलका माल आणि शहरातल्या शहरात असेल तर विचार करा. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स याच्यात धरूच नका, त्या हौसेच्या गाड्या आहेत, भाड्याच्या नाहीत.

यातून दोनच निवडा, फार तर तीन. पाच गाड्यांची तुलना करत बसलात तर एकीचीही नीट होत नाही.

३. ड्रायव्हरला विचारा, पण प्रश्न बदला

"भाऊ, गाडी कशी आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एक नंबर." कोण स्वतःच्या गाडीला नावं ठेवेल. मी चार दिवस पहाटे पाच ते सात मार्केट यार्डच्या गेटजवळ वही घेऊन उभा राहिलो, चहा पाजला आणि हेच प्रश्न विचारले: गाडी किती साली घेतली, किलोमीटरचा काटा किती झाला, शेवटची कधी उभी राहिली, कशामुळे, आणि किती दिवस? मग माणूस खरं बोलायला लागतो, कारण त्या दिवसाचा त्याचा राग अजून गेलेला नसतो. एक काका तर हौद्यावरून उतरून खाली वाकले आणि पाट्याची दुसरी पट्टी कुठे चिरली होती ते बोट लावून दाखवलं, त्यावर वेल्डिंगचा टाका होता आणि पाट्याला वेल्डिंग कधी करू नये हेही त्यांनीच सांगितलं, उष्णतेने पोलादाचा ताव उतरतो आणि पट्टी शेजारीच परत तुटते.

दोन लाख किलोमीटरच्या पुढच्या किमान आठ-दहा गाड्या प्रत्येक मॉडेलच्या शोधा. सहा महिन्यांची गाडी सगळ्यांचीच चांगली असते. आणि जुनी बीएस ४ ची, म्हणजे धुराच्या जुन्या नियमाची गाडी असेल तर तिचा अनुभव वेगळ्या पानावर लिहा. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा, आणि त्यात इंजिनाच्या आजूबाजूचं बरंच काही बदललंय. "माझी गाडी दहा वर्षं बिनतक्रार चालली" हे खरं असतं, पण ती गाडी आज शोरूममधे मिळत नाही.

सोबत सरकारचं वाहन डॅशबोर्ड उघडा, ते सगळ्यांना खुलं आहे. त्यात आरटीओ निवडता येतो, एमएच १२ पुणे आणि एमएच १४ पिंपरी-चिंचवड, आणि कंपनीप्रमाणे वर्षाला किती मालवाहू गाड्यांची नोंद झाली ते दिसतं. जास्त खपली म्हणजे गाडी चांगली असा अर्थ लावू नका, पण आपल्या भागात ज्या कंपनीच्या गाड्या जास्त, तिचे फिटर जास्त, पार्ट जास्त आणि विकताना गिऱ्हाईकही जास्त. सियाम या गाडी कंपन्यांच्या संघटनेच्या वेबसाईटवर कंपन्यांनी परत बोलावलेल्या गाड्यांची यादी असते तीही चाळा. रिकॉल झाला म्हणून गाडी वाईट ठरत नाही, उलट कंपनीने चूक मान्य करून फुकट बदलून दिलं, पण कुठला भाग होता ते कळलेलं बरं.

४. बारा पार्टची चिठ्ठी

यातून जेवढं कळतं तेवढं कशातूनच कळत नाही, म्हणून हे काम टाळू नका. एका कागदावर बारा पार्ट लिहा: क्लच सेट, एक इंजेक्टर, टर्बो, अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर, पुढच्या चाकाचं बेअरिंग, मागच्या पाट्याची मुख्य पट्टी, प्रोपेलर शाफ्टचा सेंटर जॉइंट, एक्झॉस्टचा प्रेशर सेन्सर, नॉक्स सेन्सर असेल तर तो, आणि पुढचा हेडलाइट. ही चिठ्ठी घेऊन सेल्समनकडे नाही, वर्कशॉपच्या पार्ट काउंटरला जा. प्रत्येकाची किंमत विचारा आणि "आत्ता शेल्फवर आहे का, नसेल तर किती दिवसात येईल" ते समोरच कॉम्प्युटरवर बघायला सांगा. मग तीच चिठ्ठी नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत फिरवा. लोखंडी वस्तू म्हणजे क्लच, बेअरिंग, पाटे जवळजवळ सगळ्यांचे मिळून जातात, खरा फरक सेन्सर आणि टर्बोला पडतो. मामेभावाचे नऊ दिवस अशाच एका सेन्सरने खाल्ले, आणि ही चिठ्ठी आम्ही आधी फिरवली असती तर तो सेन्सर शेल्फवर नाही हे काउंटरवरच कळलं असतं.

तिथे उभे आहातच तर वर्कशॉपचं अंगण बघा. किती गाड्या उभ्या आहेत, त्यांच्या काचेवर धूळ किती बसलीय, टायरखाली पानं साचलीत का. टायरखाली पानं म्हणजे ती गाडी पार्टची वाट बघत आठवडाभर तरी उभी आहे.

५. बीएस ६ डिझेल समजून घ्या

आता जे लिहितो ते शोरूममधे कुणी सांगत नाही. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधे काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी भरली की गाडी स्वतःच ती जाळते, त्यासाठी एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे अंशापर्यंत तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग एका चालीत पळावी लागते. नारायणगाव-पुणे करणाऱ्या गाडीची जाळी अशी आपोआप साफ होते. भोसरी-चाकण, त्यात ट्रॅफिक, मधे दोनदा इंजिन बंद, म्हटल्यावर साफसफाई अर्धवट राहते, परत सुरू होते, परत अर्धवट. काही गाड्यांमधे त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं, ते थोडं थोडं इंजिन ऑइलमधे उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग खातं.

म्हणून विचारायच्या गोष्टी अशा: जाळीचा दिवा लागला तर उभ्या गाडीत ड्रायव्हरला साफसफाई सुरू करता येते का, की वर्कशॉपलाच न्यावी लागते? या मॉडेलला धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी आहे का? असेल तर टाकी संपत आल्यावर गाडी काय करते? युरियाचं पाणी म्हणजे ३२.५ टक्क्यांचं मोजून केलेलं द्रावण असतं, स्वस्त मिळालं म्हणून कुणाच्याही कॅनमधलं भरलं की इंजेक्टर आणि सेन्सर गेलेच समजा. ऑइल कुठल्या ग्रेडचं लागतं ते मॅन्युअलमधून लिहून घ्या, या जाळीला कमी राखेचं ऑइल लागतं.

तुमची खेप रोज आठ-दहा किलोमीटरचीच असेल तर माझं स्पष्ट मत आहे, डिझेल घेऊच नका, सीएनजी किंवा पेट्रोल बघा. सीएनजीला दर तीन वर्षांनी सिलेंडरची टेस्ट, पंपावरची रांग आणि चढाला थोडा कमी दम, हे तीन तोटे आहेत पण जाळीची डोकेदुखी नाही. आणि कुणी जाळी कापून काढून देतो म्हणाला तर हात जोडा, ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि पासिंगला गाडी अडकते.

६. माल भरून चालवा

रिकाम्या पिकअपची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काहीच नाही. डीलरकडे डेमो गाडी असते, आग्रह धरा, स्वतःचा माल भरा, वजनकाट्याची पावती घ्या आणि दोन्ही गाड्या एकाच रूटवर, एकाच माणसाने, एकाच दिवशी चालवा. मी वडकीकडून दिवे घाट चढायला सांगतो. चढाच्या मधे सुरक्षित जागा बघून गाडी पूर्ण थांबवा आणि परत उचला. क्लचचा जळका वास आला का, गाडी मागे किती सरकली, दुसऱ्यात ओढते की पहिलाच मागते, तापमानाचा काटा कुठे गेला. उतरताना न्यूट्रल करायची नाही, गियरमधे उतरवा आणि इंजिन किती धरून ठेवतं ते बघा. नवले पुलाच्या उताराला किती अपघात होतात ते पुण्यात कुणाला सांगायला नको, तिथे इंजिनाची पकड आणि ब्रेक हाच भरवसा. ब्रेक दोन-तीनदा लागोपाठ दाबल्यावर पेडल खाली जातंय का, गाडी एका बाजूला ओढतेय का तेही बघा.

परत आल्यावर इंजिनाखाली आणि मागच्या क्राऊनखाली जुना पुठ्ठा टाका आणि अर्धा तास चहा प्या. पुठ्ठ्यावर थेंब पडला तर डेमोतच कळलं.

७. उभ्या दिवसाची किंमत

आता हिशोब. समजा दिवसाचं भाडं २८०० आणि डिझेल ११००, म्हणजे गाडी उभी राहिली की रोज १७०० बुडाले. हप्ता १९ हजार असेल तर २६ दिवसांनी भागून रोजचे ७३०, ड्रायव्हरचे ७००, हे एरवी याच १७०० मधून निघतात आणि गाडी उभी असली तरी द्यायचेच. आता एक गाडी ४० हजाराने स्वस्त आहे पण तुमच्या वहीतल्या ड्रायव्हरांच्या उत्तरांवरून ती दुसरीपेक्षा वर्षाला १२ दिवस जास्त उभी राहते असं दिसतंय. १२ गुणिले १७००, वर्षाला २०,४००. दोन वर्षात ४० हजार गेले आणि हप्ते अजून तीन वर्षं बाकी. याच्यात दसऱ्याचा झेंडू, तुटलेलं गिऱ्हाईक हे धरलेलंच नाही. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला, पण घाला.

वॉरंटीही अशीच मोजा. समजा तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते. रोज दीडशे किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे वर्षाला ४६,८००, एक लाख सव्वादोन वर्षांच्या आतच संपतात. डीपीएफ, टर्बो, इंजेक्टर, सेन्सर वॉरंटीत आहेत का आणि कुठल्या अटीवर, हे कोटेशनवर लिहून सही घ्या. तोंडी शब्द वर्कशॉपमधे चालत नाही.

८. जुनी घेत असाल तर

जुन्यात कंपनीपेक्षा ती एकच गाडी बघायची. चेसिसला वेल्डिंग, पाट्यांची उंची दोन्ही बाजूला सारखी आहे का, थंड इंजिन पहिल्या चावीला लागतं का, ऑइलचं झाकण काढून बॅक कंप्रेशन मारतंय का, म्हणजे तिथून धूर-वारा बाहेर येतो का, स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बोजा, इन्शुरन्स, फिटनेस आणि चलन बघा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, म्हणजे सात वर्षांची गाडी घेतलीत की वर्षभरात दरसालच्या पासिंगचा खर्च मागे लागला. बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

९. ताब्यात घेताना

चेसिसवरचं उत्पादनाचं वर्ष आणि महिना बघा, टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायर एकाच सुमाराचे हवेत. वायरिंगचे जोड हौद्याखाली उघडे लोंबतायत का ते खाली वाकून बघा, आपल्याकडच्या पावसात आणि भोसरीच्या खड्ड्यातल्या पाण्यात पहिले तेच सडतात. सांगाडा बसवणाऱ्याला वायरिंगजवळ वेल्डिंग करू देऊ नका आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची केबल काढायला लावा. फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या तिथल्या तिथे चार-पाचदा उघडून बंद करून बघा.

आणि गाडीत एक वही ठेवा, चावीला बांधलेल्या पेनासकट. तारीख, काटा, काय बिघडलं, किती दिवस उभी, किती पैसे. त्या प्रकारानंतर मामेभावाने नवी गाडी घेतली तेव्हापासून त्याच्या गाडीत ती वही आहे. चौदा महिने झालेत, ५३ हजार किलोमीटर, उभे दिवस एकूण तीन: एक दिवस सर्व्हिसिंग, एक दिवस मागच्या चाकाचं बेअरिंग, एक दिवस मामीचं ऑपरेशन होतं म्हणून. तिसरा त्याने स्वतःच खोडलाय आणि बाजूला "गाडीचा नाही" असं लिहिलंय.